लक्ष्मी गेट, झाशी : शेजारची खाट



झाशीचं हे माझं शेवटचं पोस्टिंग. क्वार्टरची वेटिंग लिस्ट लांब निघाली, म्हणून शहरात खोली बघितली आणि ती मिळाली लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्लीत. पूर्वी झाशी शहराला सगळीकडून तट होता आणि त्याला दरवाजे होते. खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, सागर, सैंयर, भांडेर... आज तट जागोजाग तुटलाय, पण गेटांची नावं रिक्षावाल्यांच्या तोंडी शाबूत आहेत. आमच्या गेटातून बाहेर पडलं की महालक्ष्मीचं देऊळ, त्यापुढे लक्ष्मी ताल आणि तळ्याकाठी गंगाधररावांची छत्री. नेवाळकरांचं मराठी राज्य इथं होतं, त्यामुळे गावाकडचं काहीतरी भेटल्यासारखं वाटतं. वरसईचे गोडसे भटजी १८५८ च्या वेढ्यात याच तटाच्या आत अडकले होते, हे 'माझा प्रवास' वाचलेल्यांना आठवत असेल.

झाशीत अजून एक गोष्ट सांगतात. इंग्रजांना तट फोडायला जड जात होतं, तेव्हा आतल्याच एकाने ओरछा गेट उघडून दिलं म्हणे. खरं-खोटं इतिहासवाल्यांनी बघावं. पण शत्रू आधीच तटाच्या आत असला तर पहारा कुठं लावायचा, हा प्रश्न फौजेला आणखी एका लढाईत पडला आणि तो सुटायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आज त्या लढाईबद्दल लिहितो. ती मेंदूज्वराशी होती.

निमित्त झालं आमच्या घरमालकांचं. त्यांना गल्लीत सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणतो. वय सत्तरीच्या पुढचं. यंदा हजला त्यांचा नंबर लागला. जाण्याआधी यात्रेकरूंना लस घ्यावी लागते, त्याचा कॅम्प होता. मुलगा बाहेरगावी, म्हणून मी स्कूटरवर घेऊन गेलो. पोलिओचे थेंब घेतले, दंडावर सुई टोचली, कार्डावर शिक्का बसला. परत येताना चाचा म्हणाले, "सूबेदार साहब, यह दिमागी बुखार का टीका मुझे क्यों? इस उमर में मुझे क्या होगा?"

मी गेटापाशी चहाच्या टपरीवर स्कूटर उभी केली. कारण याचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं.

१९९६ साली मी रिक्रूट होतो. कुठल्या सेंटरला ते लिहीत नाही, त्याची गरज नाही. आमच्या बॅरकमध्ये खाटा इतक्या जवळ होत्या की झोपेत हात लांब केला तर शेजाऱ्याला लागायचा. माझ्या शेजारच्या खाटेवर माण तालुक्यातला एक पोरगा होता. दुष्काळी भागातला, काटक, पळण्यात पहिला. एका संध्याकाळी त्याचं डोकं दुखायला लागलं. रात्री ताप. उस्तादांना सांगायला तो घाबरत होता, कारण सिक रिपोर्ट म्हणजे कामचोरी असं तेव्हा आमच्या डोक्यात बसलेलं. पहाटे त्याला मान खाली वाकवता येईना आणि पायावर जांभळे डाग उठले. आम्ही चौघांनी उचलून एमआय रूमला नेला, तिथून ॲम्ब्युलन्स. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या फॉल-इनला त्याचा नंबर पुकारला नाही.

नंतर डॉक्टर आले. आम्हाला रांगेत उभं करून गोळ्या दिल्या आणि खाटा लांब लांब करायला सांगितल्या. जाता जाता त्यांनी सांगितलं, हा जंतू धडधाकट माणसाच्या घशात राहतो आणि खोकल्या-शिंकेतून जवळच्या माणसाकडे जातो. त्यांनी सहज सांगितलं. पण मी शेजारच्या खाटेवर झोपणारा. त्या आठवड्यात मला सर्दी होती. पुढची कित्येक वर्षं रात्री डोळा उघडला की पहिला विचार हाच, माझ्याच घशातून गेला असेल का?

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. त्या आजाराबद्दल मात्र मिळेल ते वाचत गेलो. युनिटच्या आरएमओ साहेबांना प्रश्न विचारून पिडलं. जे कळलं ते असं.

या जंतूचं नाव मेनिंगोकोकस. मेंदूज्वर इतर जंतूंनीही होतो, पण साथीच्या साथी उठवणारा हा. १८०५ मध्ये जिनिव्हाच्या एका डॉक्टरने या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. जंतू सापडला १८८७ मध्ये, व्हिएन्नाच्या वाइक्सेलबाउम यांना. साधारण दहा मोठ्या माणसांत एकाच्या नाका-घशात तो कोणत्याही वेळी मुक्कामाला असतो. त्या माणसाला काही होत नाही, पत्ताही लागत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जंतू निघूनही जातो. हजारांत एखाद्याच्या बाबतीत तो घशातून रक्तात उतरतो, तिथून मेंदूच्या आवरणात, आणि मग घड्याळ सुरू होतं. उपचार मिळूनही दहातला एक जातो. वाचलेल्यांतही कुणाचं ऐकू येणं जातं, कुणाचा हातपाय.

फौजेला हा आजार जुना ओळखीचा. चार दिशांची तरुण पोरं एका छताखाली आणली, दमवली, जवळ जवळ झोपवली की त्याला रान मोकळं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये भरती वाढली, बॅरकी तुडुंब भरल्या आणि साथ उठली. तेव्हा ग्लोव्हर नावाच्या डॉक्टरने लंडनजवळच्या कॅटरहॅम इथल्या गार्ड्सच्या डेपोत रिक्रूटांचे घसे तपासायला सुरुवात केली. त्यांना दिसलं की खाटांमधलं अंतर फुटाच्या आत आलं की घशात जंतू असणाऱ्यांची संख्या चढत जाते, आणि ती चढली की काही दिवसांत आजारी पडू लागतात. त्यांनी खाटा किमान अडीच फूट लांब करायला लावल्या, खिडक्या उघडायला लावल्या. जंतूवाल्यांची संख्या उतरली. बॅरक इन्स्पेक्शनला खाटांच्या अंतरावरून आपण ज्या शिव्या खाल्ल्या, त्यामागे शिस्तीशिवाय हेही एक कारण आहे, हे मला सुभेदार झाल्यावर कळलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सल्फाची औषधं आली. अमेरिकन फौजेने तर सगळ्या बॅरकला गोळ्या वाटून घशातला जंतूच मारायचा मार्ग धरला. वीस वर्षं तो चालला. मग जंतू शिकला. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ऑर्डला साथ आली, तिला सल्फा लागू पडेना आणि तिथलं रिक्रूट ट्रेनिंग थांबवावं लागलं.  आता लस हवीच होती.

ती शोधली वॉल्टर रीड या त्यांच्या लष्करी संशोधन संस्थेतल्या तरुण डॉक्टरांनी, गॉटश्लिक, गोल्डश्नायडर आणि आर्टेनस्टाइन यांनी. आधी त्यांनी हजारो रिक्रूटांचं रक्त आल्याबरोबर घेऊन ठेवलं. नंतर जे आजारी पडले त्यांचं जुनं रक्त काढून पाहिलं, तर जवळजवळ सगळ्यांच्या रक्तात या जंतूला मारणारी प्रतिद्रव्यं नव्हती. जे आजारी पडले नाहीत त्यांच्यातल्या बहुतेकांच्या रक्तात ती होती.

इथं माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. त्या पोराला कुणाकडून तरी जंतू मिळाला हे खरं. पण तोच जंतू बॅरकमधल्या कितीतरी जणांच्या घशात बसला असणार, आणि त्यांना काही झालं नाही. त्याच्या रक्तात शिबंदी नव्हती, एवढाच फरक. तो जसा त्याच्या हातात नव्हता तसा माझ्याही नव्हता.

आता लस कशी बनवली ते. या जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं एक आवरण असतं. त्या आवरणावरून त्याचे गट पडतात, ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय. आपण वर्दीवरून रेजिमेंट ओळखतो तसं. त्या डॉक्टरांनी ही वर्दीच उतरवून शुद्ध केली आणि टोचली. १९६९-७० मध्ये गट सी च्या लशीची चाचणी रिक्रूटांवर झाली. लस घेतलेले तेरा हजारांवर, त्यांत एकाला गट सी चा आजार झाला. न घेतलेल्यांत ३८ जणांना. न घेतलेले संख्येने बरेच जास्त होते, पण तो हिशेब धरूनही लस जवळपास ९० टक्के लागू पडली. लवकरच अमेरिकन फौजेत प्रत्येक रिक्रूटला ती मिळू लागली.

म्हणजे सैनिकाचा प्रश्न सुटला. पण या लशीत दोन उणिवा होत्या. दोन वर्षांखालच्या बाळाच्या शरीराला नुसती साखर शत्रू म्हणून ओळखता येत नाही, त्यामुळे ज्यांना सर्वांत जास्त धोका त्यांनाच ती निकामी. दुसरं, ती टोचून घेणाऱ्याला काही वर्षं वाचवते, पण त्याच्या घशातला जंतू विशेष हलवत नाही. थोडक्यात, पहारेकरी वाचला, पण गेट उघडंच.

याची किंमत हजच्या वाटेवर दिसली. १९८७ च्या हजमध्ये गट ए ची मोठी साथ आली, त्यानंतर सौदी सरकारने यात्रेकरूंना लस सक्तीची केली. तेव्हा अनेक देशांत ए आणि सी या दोनच गटांची लस चालायची. २००० साली गट डब्ल्यू आला. लस घेतलेले यात्रेकरू स्वतः बहुतांशी ठीक राहिले, पण घशातून जंतू घेऊन घरी गेले आणि युरोपात त्यांच्या घरची माणसं, लहान मुलं आजारी पडली. मग सौदीने ए, सी, वाय, डब्ल्यू अशी चारही गटांची लस सक्तीची केली.

टपरीवर मी चाचांना इथपर्यंत सांगितलं. म्हटलं, चाचा, तिथं जगभरची लाखो माणसं एकमेकांना खेटून चालणार, तंबूत शेजारी शेजारी झोपणार. तुमची ती आमची बॅरकच. आणि परत आल्यावर पहिल्यांदा उचलून घेणार कुणाला? नातीलाच ना? चाचांनी खिशातलं कार्ड काढून पुन्हा एकदा नीट घडी करून ठेवलं.

आफ्रिकेतली गोष्ट याहून मोठी आहे, आणि ती आपल्या पुण्यापर्यंत येते. सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे. लापेसोनी नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १९६३ मध्ये त्याला मेंदूज्वराचा पट्टा म्हटलं. डिसेंबर ते जून कोरडा वारा, धूळ, आणि दर काही वर्षांनी साथ. पहिला पाऊस पडला की साथ थांबते. १९९६-९७ मध्ये तिथं अडीच लाखांवर माणसं आजारी पडली आणि सुमारे २५ हजार गेली. आमच्या बॅरकमधून एक गेला त्याच वर्षी. तिथं तोवर पद्धत अशी की साथ लागली की जुनी लस घेऊन धावायचं. तहान लागल्यावर विहीर खणायची.

चांगल्या लशीचा मार्ग माहीत होता. साखर बाळाला ओळखू येत नाही ना, मग ती शरीराला ओळखू येणाऱ्या प्रथिनाला जोडून द्यायची. इंग्लंडने १९९९ पासून गट सी ची अशी जोडलस दिली आणि घशात जंतू बाळगणारेही कमी झाले. गेट बंद करता येतं, हे तिथं दिसलं. पण आफ्रिकेत त्रास होता गट ए चा, आणि गिऱ्हाईक गरीब. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सरळ सांगितलं, अर्ध्या डॉलरच्या वर गेली तर आम्हाला परवडणार नाही. मोठ्या कंपन्यांना यात फायदा दिसेना.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशातून एक प्रकल्प उभा केला, प्रमुख डॉ. मार्क लाफोर्स. त्यांनी उलटं गणित मांडलं. आधी किंमत ठरवायची, मग त्या किमतीत कोण बनवेल ते शोधायचं. बनवायला तयार झाली पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट.

सायरस पूनावालांनी ही कंपनी १९६६ मध्ये काढली. त्यांच्या घराण्याचा घोड्यांचा स्टड फार्म. तिथले म्हातारे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, कारण घोड्याच्या रक्तापासून धनुर्वाताचं सीरम बनतं. मग आपणच का बनवू नये, इथून कारखाना सुरू झाला. जोडलशीला लागणारं प्रथिन कोणतं होतं? टिटॅनस टॉक्सॉइड. म्हणजे आपल्याला तार लागली, खिळा लागला की एमआय रूममध्ये मिळणारं तेच टी.टी. ते सीरमच्या हातचं जुनं काम. साखर सुरुवातीला नेदरलँड्समधून आली आणि दोन्ही जोडायची पद्धत अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी शिकवली. लशीचं नाव मेनआफ्रीव्हॅक. डिसेंबर २००९ मध्ये भारतात परवाना, २०१० च्या मध्यावर जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता, आणि ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमध्ये पहिली मोहीम. किंमत अर्ध्या डॉलरच्या आत.

टोचायचं कुणाला, यातली अक्कल मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आजारी पडणाऱ्यांनाच नाही, तर १ ते २९ वर्षांच्या सगळ्यांना. कारण घशात जंतू घेऊन फिरणारे याच वयातले. चाडमध्ये मोहिमेच्या आधी चार हजारांवर घसे तपासले, तीसएक जणांकडे गट ए सापडला. नंतर पाच हजार तपासले, एकाकडे सापडला. बुर्किना फासोत तर लस न घेतलेल्यांच्या घशातूनही तो नाहीसा झाला. ज्यांना टोचलं नव्हतं त्यांनाही आडोसा मिळाला. पुढे तीस कोटींहून जास्त लोकांना ही लस मिळाली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात गट ए चा एकही रुग्ण पक्का झालेला नाही.

लढाई मात्र संपलेली नाही. सी, डब्ल्यू, एक्स हे गट तिथं अजून साथी उठवतात. त्यासाठी सीरमनेच पाच गटांची मेनफाइव्ह ही लस बनवली. २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांआधी वापरली.

मी संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर दक्षिण सुदानला होतो. जाण्याआधी मला लस मिळाली होती. तिथं आमच्या तारेच्या कुंपणापलीकडे विस्थापितांच्या झोपड्या, एकात दहा दहा माणसं, अंतर आमच्या १९९६ च्या बॅरकपेक्षाही कमी. एका दवाखान्याबाहेर लशींची रिकामी खोकी पडली होती. एक उचलून बघितलं तर त्यावर पुण्याचा पत्ता. कुठल्या आजाराची होती ते आता आठवत नाही. पण ते खोकं हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो होतो हे आठवतं.

आपल्या देशातही हा आजार आलेला आहे. १९८५ मध्ये दिल्लीत सहा हजारांवर रुग्ण आणि जवळजवळ ८०० मृत्यू झाले. २००५ मध्ये दिल्लीत पुन्हा, आणि त्यानंतर मेघालय-त्रिपुरात. आपल्याकडे ही लस सगळ्या मुलांच्या सरकारी कार्यक्रमात नाही. रिक्रूट, हजयात्री, हॉस्टेलात राहून शिकायला परदेशी जाणारी मुलं, प्लीहा काढलेले रुग्ण, अशांना घ्या म्हणतात. तुमच्या घरात यातलं कुणी असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि माजी सैनिकांनो, पोरं भरतीला पाठवताना एक सांगा. ताप, डोकं फुटेल असं दुखणं, मान ताठ, अंगावर दाबून न जाणारे डाग, यातलं काही दिसलं तर सकाळच्या सिक रिपोर्टची वाट बघायची नाही. उस्ताद ओरडले तर ओरडू देत.

टपरीवर माझं सगळं बोलून झालं तेव्हा चहा थंड झाला होता. चाचा म्हणाले, "उस लड़के के घर कभी गए?"

मी नाही म्हणालो. त्याच्या आईला पत्रसुद्धा लिहिलं नव्हतं. इतकी वर्षं वाटत होतं की दारात उभं राहिलो तर तिला माझ्या तोंडावर ते दिसेल. गावात अजून असं समजतात की पोरगा जास्त पळवल्यामुळे गेला, हे मला एका बॅचवाल्याकडून कळलंय.

पेन्शनला आता थोडे महिने राहिलेत. चाचा तोवर हजहून परत आले असतील. सामान गावी उतरवलं की आधी म्हसवडची एसटी धरायची असं ठरवलंय. त्या माऊली असतील तर त्यांना सांगेन की तो पळून दमून नाही गेला, त्याला काय झालं होतं ते मला आता नीट माहीत आहे. शेजारची खाट माझी होती, हेही सांगेन.